आर्ट्सची तुकडी

"बायॉलॉजी नाही, मग फिजिओथेरपीला प्रवेश नाही," कॉलेजच्या प्रवेश-खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "समाजकार्याला ये, नाहीतर मानसशास्त्राला. तिथे कुठलीही शाखा चालते."

मी बारावीची मार्कशीट पिशवीत कोंबली. दहावीनंतर ज्युनिअर कॉलेजचे उबाळे सर घरी आले होते, तेव्हा मी आईचा लुळा पडलेला हात चोळत होते. सर दारोदार मुलं गोळा करत हिंडत होते, कारण मुलं मिळाली नाहीत तर त्यांची आर्ट्सची तुकडी बंद पडणार होती. मला फिजिओथेरपीच करायचीय, असं मी स्पष्ट सांगितलं. "मग आमच्याकडे मानसशास्त्र घे. तेही आरोग्याचंच. पुढे सगळीकडे चालतं," सर म्हणाले. सर कशाला खोटं बोलतील, असं वाटलं मला, आणि मी आर्ट्सला गेले.

घरी पोचले, तर सर पेढे घेऊन ओसरीवर बसलेले. धाकटी बहीण दहावी पास झाली होती. "नर्स व्हायचंय ना हिला? आर्ट्सवरूनही होता येतं. ताईच्याच कॉलेजात पाठवा," ते अण्णांना सांगत होते. अण्णा मान डोलवत होते.

मी चप्पलही काढली नाही. "सर, तुमची मुलगी कुठल्या शाखेला आहे?"

सर बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिले.

"सायन्सला," अण्णाच कौतुकाने म्हणाले. "मघाशीच सांगत होते सर. मेडिकलला जायचंय तिला, म्हणून..." अण्णांनी सरांकडे वळून पाहिलं.

धाकटीने हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.