आराबा मावशीचा शेवटचा फोटो

“मेल्यावर माझी विटांची भिंत करू नकोस,” असं म्हणत आराबा मावशीने मासळीचं घमेलं खाली ठेवलं आणि एबोच्या दुकानातल्या स्टुलावर बसली. “जिवंत आहे तोवर फोटो काढून ठेव.”

एबो ओशाळला. केप कोस्ट शहरातले निम्मे अंत्यविधीचे फलक तोच छापायचा. गेल्या वर्षी मावशीचा नवरा गेला, तेव्हा मुलांनी फोनवरचा एक फोटो पाठवला. फोनवर म्हातारा अगदी ठसठशीत दिसत होता. एबोने तोच ताणून दोन पुरुष उंच केला. कापडावर नुसते चौकोन उमटले. “ही लादीवाल्याची जाहिरात का?” असं लोक फलकासमोर थांबून विचारत होते.

“जन्मभर ज्याच्याशी भांडले, त्याला शेवटचं बघावं म्हटलं, तर नाक कुठलं नि मिशी कुठली!”

“मावशी, फोटोत ठिपके मोजकेच असतात. फोनवर दाटीने बसतात. कापडावर ताणले की फाकतात.”

“म्हणजे मूठभर मासळीत तू गावजेवण घातलंस.”

“काय करणार! तेव्हा माझी अक्कलही फोनएवढीच होती.”

मावशी खुदकन हसली. एबोने मोठा कॅमेरा काढला.

“हसू की रडू?” मावशीने विचारलं.

“तुमचा अंत्यविधी, तुमची मर्जी.”

“मग रडायचं काम दुसऱ्यांचं.”

संध्याकाळी नुसता चेहरा कापडावर छापून एबोने तो समोरच्या भिंतीवर ताणला. मावशी नाक टेकेल इतकी जवळ गेली. भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा. एकेक सुरकुती. गालावर मासळीचा एक खवला चमकत होता.

“तो पुसून टाकतो,” एबो म्हणाला.

“राहू दे. त्याच्याशिवाय मला ओळखेल कोण?”

रस्त्यावरून एक कोळीण ओरडली, “अगं आराबा, निवडणुकीला उभी राहिलीस की काय?” मावशीने मान तेवढी ताठ केली. बराच वेळ ती स्वतःकडे बघत राहिली.

एबोने हळूच विचारलं, “खाली ‘अखेरचा निरोप’ लिहू ना?”

“एवढी ठणठणीत बाई निरोप कशाला घेईल?” मावशीने घमेलं डोक्यावर चढवलं. “लिही, ‘ताजी मासळी इथं मिळेल.’ आणि सकाळी माझ्या गाळ्यावर टांग.”