आरोग्यपेय सप्ताह

टेंभेकर साहेबांनी पन्ह्याचा ग्लास रुचितापुढे धरला आणि फोटोवाल्याकडे बघून हसले. रुचिताने ग्लास ओठाला लावला, फोटो निघाला, आणि पन्हं होतं तितकंच टेबलावर परत गेलं.

साहेबांनी ते पाहिलं.

"हीच तर गोष्ट आहे," ते माइकवर म्हणाले. "मागच्या आठवड्यात ही पोट्टी याच हॉलमध्ये चक्कर येऊन पडली. काहून? भर उन्हाळ्यात दिवसभर पोटात थेंब नाही. नुसतं पाणी आवडत नसेल तर हे घ्या ना. पन्हं आहे, मठ्ठा आहे, बेलाचं सरबत आहे, सातू आहे. लेडीज स्टाफला आपल्या तब्येतीची काळजीच नाही."

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. मठ्ठा पिऊन, मिशा पुसून झाल्या होत्या, हात रिकामेच होते.

काळजी नाही म्हणे. नवा रायपुरातल्या या कार्यालयात बायकांचं बाथरूम दिवाळीपासून बंद आहे. आत जुन्या फायली आणि मोडक्या खुर्च्या कोंबून बाहेरून कुलूप. ऑफिसला जागा कमी पडत होती, आणि जागा कमी पडली की कोणाची जाते ते सांगायला नको. पुरुषांचं बाथरूम सुरू आहे. बायकांनी शेजारच्या इमारतीत जावं, असं ठरलं. ठरवणारा कधी पायी गेला नसावा. इथली शेजारची इमारत म्हणजे समोरचा रुंद रस्ता ओलांडून, बिनझाडाच्या मैदानापलीकडे. तिथून परत येईपर्यंत 'खुर्ची रिकामी कशी' म्हणून विचारणारे हेच.

मग बायकांनी आपला बंदोबस्त आपणच केला. सकाळी बसमध्ये चढायच्या आधी अर्धा कप चहा. जीभ कोरडी पडली की सुकवलेल्या आवळ्याची फोड तोंडात. पाणी थेट संध्याकाळी, घरी गेल्यावर. टेबलावरच्या बाटल्या भरलेल्या यायच्या आणि भरलेल्याच जायच्या. एवढ्या माणसांत एकालाही ते दिसलं नाही. आणि आता रुचिता पडली तर हा पन्ह्याचा थाट. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

रुचिता आपल्या जागेवर येऊन बसली. शेजारी रेकॉर्ड विभागातल्या शेवंताताई होत्या, तिच्या आईच्या वयाच्या.

"पी ना बाई," त्या हळूच म्हणाल्या. "डॉक्टरनं तुले का सांगतलं होतं?"

"पियूंगी तो शाम तक कैसे बैठूंगी, मावशी?" रुचिता म्हणाली. "इन्फेक्शन किडनी तक गया है. डॉक्टर बोले, खूब पियो, और रोकना बिल्कुल मत. मैं दोनों में से क्या करूं?" तिचे डोळे भरून आले. तिने मान खाली घातली.

शेवंताताई उठल्या. त्यांचं डोकं तापलं होतं, पण चाल सावकाश होती. पेयांच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी पन्ह्याचा ग्लास उचलला आणि संपवला. मग मठ्ठा. मग बेलाचं सरबत.

"बघा, याला म्हणतात उत्साह," साहेब माइकवर खूश झाले. "शिका जरा शेवंताताईंकडून."

शेवंताताईंनी रुचिताला बोलावलं. तिचा ठेवून दिलेला ग्लास तिच्या हातात दिला.

"पी. पुरा."

"मावशी..."

"मी आहो ना इथं."

रुचिताने ग्लास रिकामा केला, मग आणखी एक. याचा फोटो कोणी काढला नाही. शेवंताताईंनी तिचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत तिला टेंभेकर साहेबांच्या केबिनकडे नेलं. दारावर बाबाराव चपराशी होता. तो उठला.

"ताई, साहेब अंदर नाही आहेत."

"मले मालूम आहे. बाहेर भाषण देऊन राहिले."

साहेबांच्या खुर्चीमागे एक दार होतं. आत बाथरूम. स्वच्छ, कोरडं, सुगंधी, एकट्या साहेबांचं. शेवंताताईंनी रुचिताला आत पाठवलं आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. आतून कडी लागली.

साहेब माइक टाकून आले.

"शेवंताताई, हे काय करून राहिले तुम्ही? हे माझं पर्सनल आहे."

"तुम्हीच पाजलं ना, साहेब? आता पेलेलं कुठं काढाव, तेबी माइकवर सांगा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "जरा हळू बोला. मुख्यालयाचे लोक आलेत बाहेर."

"दिवाळीपासून हळूच बोलून राहिलो आम्ही. तुमच्यापाशी आली होती मी, तर 'असं लेडीजचं मले नका सांगू' म्हणाले तुम्ही. या पोट्टीची किडनी जाऊन राहिली. ते कोणाले सांगाव?"

आत पाण्याचा आवाज आला. साहेबांनी नजर चुकवायला म्हणून केबिनच्या दाराकडे तोंड फिरवलं.

हॉलमधल्या बायका उठल्या होत्या. पेयांच्या टेबलावरून एकेक ग्लास उचलत, उभ्या उभ्या घटाघटा पीत, त्या एकीमागे एक केबिनमध्ये येत होत्या. रांग साहेबांच्या टेबलाला वळसा घालून उभी राहिली. सगळ्यात पुढे शर्मिष्ठा टायपिस्ट होती. मीटिंगमध्ये तिचा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता.

"सगळ्या इथंच येणार का आता?" साहेबांनी विचारलं.

"हव," शर्मिष्ठा म्हणाली. ओठावरचा मठ्ठा तिने पदराने पुसला. "रोज."