बाटलेला तांब्या

पस्तीस सालची गोष्ट. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी शरणपूरच्या चर्चमध्ये मास्तर पोरांचे पाय धुवायला बसले. धाकट्या रूथनं पाय आखडले. “मोठ्या माणसांनी आमच्या पायांना हात लावू नये, मास्तर!” मास्तरांनी हातातल्या पितळी तांब्याकडे पाहिलं. मखमलाबादच्या मोगऱ्याच्या मळ्यातून दमून आलं की आई याच तांब्यानं सगळ्यांच्या पायांवर पाणी घालायची. बाप्तिस्मा घेऊन घरी परतल्यावरही मास्तरांनी सवयीनं पायरीवरचा हा तांब्या उचलला. थोरला भाऊ गरजला, “बाटवलास तो! घेऊनच चालता हो. पुन्हा दारात दिसू नकोस!” आई उंबरा ओलांडून आली. तिनं सगळ्यांदेखत तोच बाटलेला तांब्या भरला, लेकाचे पाय धुतले आणि तो त्याच्या हाती दिला. “प्रभूनं शिष्यांचे पाय धुतल्याचं मी नुसतं वाचलंय, पोरी,” मास्तर म्हणाले. “आईनं धुतलेले माझे अजून ओले आहेत.”