हैबतरावांची चाल

"हे आमचं मालक न्हाईत," साळूबाई म्हणाली आणि पडद्याकडे पाठ करून बसली.

अपूर्वा गोंधळली. पडद्यावर एक राखाडी आकृती चालत होती. तिला तोंड नव्हतं, कपडे नव्हते, पण चाल हैबतरावांचीच होती. नवऱ्याच्या चालीवरून त्याच्या बायकोशी वाद घालू नये, एवढं अपूर्वाला अजून कळायचं होतं.

संगणकातल्या माणसांनी खऱ्या माणसांसारखं हलावं, चालावं, यावर अपूर्वाच्या हिंजवडीतल्या या प्रयोगशाळेत संशोधन होत असे. अपूर्वाला डोंगर चढण्या-उतरण्यात जन्म घालवलेला माणूस हवा होता. तो तिला घरमालकातच सापडला. पिरंगुटला ती हैबतरावांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. दिवाळीनंतर एकदा ती त्यांना घेऊन आली. अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर यंत्राला हालचाल टिपता यावी म्हणून जागोजाग चमकत्या गोळ्या, आणि रिकाम्या हॉलमध्ये हैबतराव तासभर एकटेच चालत होते. फोटो पाहून साळूबाई हसून हसून बेजार झाली होती.

माघात हैबतराव गेले.

भिंतीवरच्या फोटोत ते खुर्चीवर बसले होते. साळूबाईला ते बसलेले नको होते. हा माणूस जन्मभर चालला होता, आणि चालताना तिला दिसली ती फक्त त्याची पाठ. रानातून येताना तो पुढे, ती मागे, डोक्यावर भारा. तशीच रीत होती. "एकदाबी माझ्यासाठी थांबलं न्हाईत," हे गाऱ्हाणं तिने साऱ्या आळीला ऐकवलं होतं. आता तिला त्या पाठीचीच ओढ लागली होती. जेवताना, निजताना, दारात बसताना. ती पाठ एकदा पुढे जाताना दिसावी म्हणून तिने आठवडाभर अपूर्वाचा पिच्छा पुरवला होता. आणि आज भलताच कुणीतरी चालत होता.

"काकू, काकांचीच चाल आहे हो. मी फक्त जरा साफ केलीय."

"साफ म्हंजी?"

नोंद घेताना यंत्राकडून चुका होतात, त्या काढाव्या लागतात, असं अपूर्वाने समजावलं. काकांच्या चालण्यात एक चूक तर पुन्हा पुन्हा येत होती. दहा-बारा पावलं झाली की चाल एकदम मंदावायची, मान जराशी डावीकडे वळायची, मग पुन्हा पहिल्यासारखं. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. कुणी हाक मारली नव्हती. गुडघेही ठणठणीत होते. कारणच सापडेना, तेव्हा अपूर्वाने दोन दिवस खपून त्या सगळ्या जागा सपाट केल्या होत्या. वरच्या साहेबांनी तिचं कौतुकही केलं होतं.

साळूबाई मागे वळली.

"तू काढलंस ते परत घाल, पोरी."

अपूर्वाने मूळ नोंद लावली. राखाडी माणूस चालू लागला. दहा पावलं. अकरा. मग पाऊल सैल पडलं, मान किंचित डावीकडे वळली, मागचं काही कानावर यावं तशी. क्षणभरच. की पुन्हा ताठ मानेने पुढे.

"आलं गं बाई," साळूबाई पुटपुटली. ती उठून पडद्याजवळ गेली. पुढच्या खेपेला पाऊल मंदावलं तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला.

अपूर्वाने तिला खुर्ची दिली. "काकू, काय ऐकत होते काका? तिथे तर कुणीच नव्हतं."

"भारा जड झाला की मी मागं पडायची. डाव्या अंगाला." साळूबाईची नजर त्या पाठीवरून हलली नाही. "आन् इतकी वर्सं मला वाटायचं, मीच पळून त्यांना गाठतीया."