सातवी चिकटपट्टी

पिंपळगावला कांदे निवडून निवडून आईची बोटं पार गुळगुळीत झाली होती. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा लागतच नव्हता.

"आज मी तुझा ठसा उमटवणारच," कार्तिकी म्हणाली. विज्ञानाच्या वहीत तिचे स्वतःचे दहाही ठसे सकाळीच चिकटवून झाले होते.

तिने आईच्या अंगठ्यावर पेन्सिलची पूड चोळली आणि वर चिकटपट्टी दाबली. पट्टी कोरीच निघाली. दुसरीही कोरी. कार्तिकी हटली नाही.

सातव्या पट्टीवर मात्र रेषा लख्ख उमटल्या, आणि मधोमध व्रणाची आडवी रेघ.

आईच्या अंगठ्यावर व्रण नव्हता. तो कार्तिकीच्या अंगठ्यावर होता.

तिने आपला अंगठा उजेडात धरला. काचेसारखा गुळगुळीत.

"जमलं की गं!" आईने हसत पुढचं बोट तिच्या हातात दिलं. "घे, अजून नऊ राहिलीत."