वाक्यात उपयोग करा

मोठ्यांच्या इंग्रजीच्या वर्गात बाईंनी नाताळच्या शब्दांचा खेळ मांडला. चिठ्ठी उचलायची आणि त्या शब्दाचं वाक्य जोडीदाराला म्हणून दाखवायचं. बाईंना काय ठाऊक, त्यांनी जोडी लावलेल्या दोघी सख्ख्या जावा होत्या आणि चुली वेगळ्या झाल्यापासून सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या!

थोरलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. पेनचं टोपण काढत-घालत तिने कसंबसं म्हटलं, "सांता ब्रिंग्ज गिफ्ट."

धाकटीला 'होम' आलं. चिठ्ठीचा पार चोळामोळा झाल्यावर ती पुटपुटली, "जाऊबाई, प्लीज कम होम."

"छान! पण पुढे 'फॉर ख्रिसमस' राहिलं की," बाई म्हणाल्या.



थोरली उठून उभी राहिली. "बाई, आज आम्ही दोघी जरा लवकर निघू का?"