तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे

‘नक्की काढून टाकायचं?’ असं अँटिव्हायरसने दोनदा विचारलं आणि चैत्राने दोन्ही वेळा ‘होय’वर क्लिक केलं. मग त्याने पासवर्ड मागितला. पासवर्ड तिनेच घातलेला होता, गेल्या नागपंचमीला.

तिचे वडील अप्पा जाऊन, लिंगैक्य होऊन दीड महिना झाला होता. नौबादच्या माहेरच्या घरातला त्यांचा कॉम्प्युटर आता जनवाड्याच्या शाळेला द्यायचा ठरला होता. त्याच शाळेत अप्पांनी, म्हणजे जगदेवप्पा मास्तरांनी, सव्वीस वर्षं गणित शिकवलं. “तूच बसवलीस, तूच साफ कर,” असं तिचा भाऊ मृत्युंजयअण्णा म्हणाला, म्हणून ती कलबुर्गीहून आली होती.

बसवलं तिनेच होतं, हे खरं. सासरी जायच्या आदल्या दिवशी, हातावरची मेंदी वाळायच्या आत तिने ते अँटिव्हायरस टाकलं आणि अप्पांना बजावलं, “कोपऱ्यात हिरवी खूण असली की समदं बरं हाय. लाल झाली की मला फोन करा.”

तिथेच घोळ झाला. पुढे काही वर्षांनी आई गेली, आणि तिला जाऊन वर्ष होतंय न होतंय तोच ती लाल खूण दर रविवारी अकराच्या सुमारास उगवायला लागली. चैत्राच्या हातात धुण्याची बादली नाहीतर पोळपाट, आणि फोनवर अप्पा. “चैत्रा, लाल आलंय बघ. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, म्हणायलंय.” मग हे दाबा, ते दाबा. शेवटी पूर्ण तपासणी लावावी लागायची, आणि त्या जुन्या डबड्याला तपासणीला पाऊण तास लागायचा. तोवर अप्पा फोन ठेवायचे नाहीत.

“बारा टक्के झालंय. तवर सांग की, लेकरं काय करायलेत?” चाळीस टक्क्यांपर्यंत तिच्या गुडघ्याची चौकशी व्हायची, सत्तरला गल्लीतल्या लग्नांची. नव्वदवर आकडा अडकला की मास्तर भलतेच खुश. “अडकलंय बघ. तू जेवलीस का?”

सासूबाई हसायच्या. “तुझ्या अप्पांचा कॉम्प्युटर लईच नाजूक हाय गं.” चैत्राला मात्र हसू यायचं नाही. आठवड्यातून हाताशी यायचा तो एकच दिवस. एकदा ती चिडून म्हणालीच, “अप्पा, खरंच लाल आलंय का?”

“मंग मी खोटं बोलायलोय का?” अप्पा दुखावले. त्यांनी लगेच पडद्याचा फोटो काढून पाठवला. खूण लालभडक होती. मास्तर खोटं बोलत नाहीत हे अख्ख्या जनवाड्याला ठाऊक होतं. पोटच्या मुलीने शंका घ्यावी, याची तिलाच लाज वाटली.

पंचमीला ती माहेरी आली तेव्हा तिने कायमचा बंदोबस्त केला. तपासणी आपोआप होईल, काही आलं तर ते मुकाट्याने निस्तरेल, असं सगळं लावून दिलं. वर कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून पासवर्डही घातला. तिला मनापासून वाटलं, आपण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याचा ताप घालवला. स्वतःचाही घालवला, हे ती कुणाला बोलली नाही.

“अप्पा, आता लाल येणारच न्हाई. मला फोन करायची गरजच न्हाई.”

अप्पा पडद्याकडे बघत राहिले. “कधीच न्हाई?”

“कधीच न्हाई.”

“बरं केलीस बाई,” असं म्हणून ते चहाचं सांगायला आत गेले.

रविवार मोकळे झाले. ‘सुटले बाई,’ असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती, आणि आता तो शब्द आठवला तरी जिवाला लागत होता. फोन यायचा नाही म्हणजे अप्पांचं बरं चाललंय, असं तिने धरून टाकलं. दिवाळीला तिने केला, संक्रांतीला केला. “तुझ्या कामाचा खोळंबा नको,” असं म्हणून अप्पांनी दोन मिनिटांत ठेवला. महाशिवरात्रीच्या आठ दिवस आधी ते झोपेतच गेले.

चैत्राने पासवर्ड घातला. सगळं पुसण्याआधी सॉफ्टवेअरने जुन्या नोंदींचं पान पुढे केलं. ती सहज बघत गेली आणि माउसवरचा हात थांबला.

रविवार, दहा पन्नास. वापरणाऱ्याने संरक्षण बंद केले. पुढचा रविवार, दहा पंचेचाळीस. वापरणाऱ्याने संरक्षण बंद केले. तीन वर्षं, दर रविवारी हीच ओळ. म्हणजे धोका आपल्या पायाने कधी आलाच नव्हता. कुणीतरी बटण दाबून त्याला बोलावून आणत होतं.

पंचमीनंतर ओळ बदलली होती. संरक्षण बंद करण्याचा प्रयत्न, पासवर्ड चुकीचा. पासवर्ड चुकीचा. पासवर्ड चुकीचा. दर रविवारी तीनदा. एकही रविवार सुटला नव्हता. शेवटची नोंद अप्पा गेले त्याच्या आदल्या रविवारची होती.

“अण्णा,” तिने हाक मारली, “रविवारी ह्या कॉम्प्युटरवर कोण बसत होतं?”

“अप्पांशिवाय कोण बसणार?” मृत्युंजय दारातूनच म्हणाला. “म्या किती डाव म्हणलो, चैत्राची याद आली तर सरळ फोन लावा की. तर म्हणायचे, ‘लेकीच्या घरी कामाशिवाय फोन करणं बरं दिसत न्हाई रे. थांब, आज काय काम निघतंय का बघतो.’”